चाकाआडचे पाच नट

ऑफ-रोड गाडीची चाके बाहेर काढून बसवण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातही थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घेतली की दोन-चार महिन्यांत मोठे टायर येतात, मग गाडी उंच करण्याचे किट येते आणि शेवटी स्पेसर बसतो. चाके मडगार्डच्या बाहेर आली की गाडी रुंद आणि दणकट दिसते. फोटो निघतात, रील होतात. आणि मग कुणीतरी विचारतो, "सर, स्पेसर लावावा की नाही?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मला हा प्रश्न विचारला जातो, कारण माझे बरेच जुने विद्यार्थी आज गॅरेजमध्ये आहेत आणि बरेच आखातात गाड्या चालवतात. एक गट स्पेसर बसवून देतो, दुसरा बसवून घेतो. दोन्हीकडे आपलीच मुले आहेत. या विषयावर जे वाचले, गॅरेजमधल्या उस्ताद लोकांकडून जे समजून घेतले आणि कागदावर जो हिशेब मांडून पाहिला, त्यावरून माझे एक मत झाले आहे. ते आधीच सांगून टाकतो. स्पेसर ही मुळातच वाईट वस्तू आहे असे नाही. पण तो ज्या देखभालीवर टिकतो, ती देखभाल आपल्याकडे होत नाही. म्हणून रोज सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो लावू नये. आणि खरोखर गरज असेल, तर अटी पाळूनच लावावा.

स्पेसर म्हणजे काय

चाक ज्या धातूच्या तबकडीवर बसते, तिला हब म्हणतात. हबमधून आटे पाडलेले स्टड बाहेर आलेले असतात. त्यांवर चाक बसते आणि बाहेरून नट आवळले जातात. हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची जी चकती घालतात, ती म्हणजे स्पेसर. चकती जितकी जाड, तितके चाक बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरचे स्पेसर लावले की डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर, ज्याला ट्रॅक म्हणतात, ते ६० मिलिमीटरने वाढते.

याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार पातळ चकतीचा. ती मूळच्या स्टडवर नुसती सरकवायची आणि त्यावर चाक बसवायचे. यात स्टडची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे चकतीच्या जाडीएवढे आटे नटाच्या वाट्यातून कमी होतात. जिम्नीचे स्टड १२ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांचा एक आटा १.२५ मिलिमीटरचा. नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी चढायला हवा असा साधा नियम धरला, तर जवळपास साडेनऊ फेरे बसायला हवेत. ८ मिलिमीटरची चकती घातली की सहाहून जास्त फेरे तिनेच खाल्ले. उरलेल्या आट्यांवर चाक धरून ठेवायचे आणि दगडधोंड्यांतून गाडी न्यायची, हे चालणारे नाही. अशा वेळी लांब स्टड घालावे लागतात. बऱ्याच ठिकाणी ते घातले जात नाहीत.

दुसरा प्रकार जाड स्पेसरचा, साधारण २५ मिलिमीटर आणि त्याहून अधिक. हा स्पेसर स्वतःच्या नटांनी हबवर आवळला जातो आणि त्याला स्वतःचे स्टड असतात. चाक त्या स्टडवर बसते. ऑफ-रोड गाड्यांना बहुधा हाच लावतात. या लेखात मी प्रामुख्याने याच्याबद्दल बोलतो आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. जिम्नीला पाच स्टड असतात आणि ते १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. हबच्या मधोमध जो गोल उंचवटा असतो, त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. चाक बरोबर मध्यावर बसावे ही कामगिरी त्या उंचवट्याची असते. चांगल्या स्पेसरचे आतले भोक याच मापाचे असते आणि बाहेरच्या बाजूलाही तसाच उंचवटा काढलेला असतो. स्वस्तातला स्पेसर अनेक गाड्यांना चालावा म्हणून त्याचे भोक मोठे ठेवतात. मग मध्य साधण्याचे काम नुसत्या स्टडवर येऊन पडते. चाक केसभर जरी सरकून बसले, तरी वेगात स्टिअरिंग थरथरू लागते.

फायदे खरे आहेत, पण किती?

स्पेसरचे फायदे नाकारून चालणार नाही. मोठा टायर बसवला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरची आतली बाजू सस्पेन्शनच्या आर्मला घासू शकते. स्पेसरने चाक बाहेर येते आणि ती घासण थांबते. मोठे ब्रेक बसवले असतील तर कॅलिपर आणि रिम यांच्यात जागा मिळते. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल घातला असेल तर पुढची-मागची चाके एका रेषेत आणता येतात. ही सगळी कामे स्पेसर करतो आणि नवीन रिम घेण्यापेक्षा खूपच कमी पैशांत करतो. हा त्याचा खरा गुण.

पण तोच स्पेसर दुसरीकडे अडचण करतो. चाक बाहेर गेले की वळताना ते मोठ्या कमानीतून फिरते. आतल्या आर्मला घासायचे थांबलेले टायर आता बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या कडेला घासू लागते. मग मडगार्ड कापा, फ्लेअर लावा. एक काम दुसऱ्या कामाला जन्म देते.

दुसरा फायदा सांगितला जातो तो स्थिरतेचा. ट्रॅक रुंद झाला की गाडी उलटण्याची शक्यता कमी होते, हे तत्त्व बरोबर आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. गाडीची उलटण्याविरुद्धची स्थिरता ढोबळमानाने ट्रॅकचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची एवढी असते. जिम्नीचा ट्रॅक साधारण १४०० मिलिमीटर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरू. उत्तर येते १. म्हणजे कागदावर ती ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. आता ३० मिलिमीटरचे स्पेसर लावले, ट्रॅक १४६० झाला. उत्तर १.०४, म्हणजे सुमारे ४६ अंश. एवढ्या खटाटोपातून मिळाला तो एक अंश.

पण आपल्याकडे नुसते स्पेसर कोण लावतो? आधी गाडी उंच केली जाते. समजा त्यामुळे गुरुत्वमध्य ४० मिलिमीटरने वर गेला. आता स्पेसर असूनही उत्तर ०.९९ च्या आसपास येते. म्हणजे गाडी कंपनीतून आली होती तेव्हापेक्षा किंचित कमीच स्थिर. उंची वाढवून जे गमावले, तेही स्पेसरने पुरते परत मिळाले नाही. आणि मुलगा मात्र समजतो की गाडी आता रुंद झाली, वळणावर बिनधास्त घालता येईल. हा गैरसमज स्पेसरपेक्षाही जास्त धोक्याचा आहे.

इथे जिप्सीचा दाखला घेण्यासारखा आहे. १९८५ मध्ये आलेली पहिली जिप्सी अरुंद होती. मारुतीने १९९३ मध्ये तिची रुंद ट्रॅकची आवृत्ती आणली. पुढचा आणि मागचा, दोन्ही ट्रॅक ९० मिलिमीटरने वाढवले. पण त्यासाठी कंपनीने हब आणि चाकाच्या मध्ये चकत्या भरल्या नाहीत. ॲक्सलच रुंद केले आणि त्यांना शोभतील असे मडगार्ड दिले. ज्यांना गाडीला जन्मभर रुंद ठेवायचे होते, त्यांनी कोणता मार्ग निवडला हे लक्षात ठेवावे.

आखाताची वाळू आणि आपला घाट

कोकणातल्या आपल्या घरांत आखाताचा दाखला हमखास दिला जातो. माझा एक पुतण्या तिकडे आहे. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर वाळूच्या टेकड्यांवर गाड्या घेऊन जातो. त्याचे म्हणणे, "चाचा, इथे कितीतरी जण स्पेसर लावतात. कुणाचं काही बिघडत नाही."

मी त्याला विचारले, "वाळूत शिरायच्या आधी तुम्ही काय करता?" तो म्हणाला, "टायरची हवा कमी करतो. पंधरा-सोळावर आणतो." मी म्हटले, "मग गाडी वाळूत चालते ती त्या हवेमुळे. टायर पसरतो, खालचा ठसा लांब होतो, म्हणून चाक रुतत नाही. स्पेसरने टायर पसरत नाही."

त्याला ते पटले. पण त्याच्या बोलण्यातला दुसरा मुद्दा मलाही पटला. तिथे त्याच्या गटात फिरायला निघण्याआधी आणि परत आल्यावर गाडी तपासतात. एकाकडे टॉर्क रेंच असतो. चाक काढून आतले नट बघतात. आपल्याकडे तोच स्पेसर सामानातून येतो, रविवारी गॅरेजमध्ये बसतो आणि सोमवारपासून आंबा घाट, कुंभार्ली घाट, बाजार, शाळेचा रस्ता असा रोज चालतो. पुन्हा चाक उघडते ते पंक्चर झाल्यावर. तेही बाहेरचे पाच नट काढून चाक उतरते, आतल्या पाचांना कुणी हातही लावत नाही. वस्तू तीच असली, तरी तिची निगा राखणारी सवय मात्र त्या सामानातून आलेली नाही.

बेअरिंगची भीती आणि खरी भीती

स्पेसरच्या विरोधात पहिला मुद्दा निघतो तो बेअरिंगचा. चाक बाहेर गेले की बेअरिंगवर पिळणारा जोर वाढतो, बेअरिंग लवकर जाते. हे खरे आहे. पण न्यायाने बोलायचे तर हा दोष एकट्या स्पेसरचा नाही. जास्त बाहेर येणारी, म्हणजे कमी ऑफसेटची रिम लावली तरी बेअरिंगला तेच भोगावे लागते. चाक बाहेर कशामुळे आले, हे बेअरिंगला कळत नाही.

स्टिअरिंगचेही तसेच. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षापासून टायरचा जमिनीवरचा ठसा दूर गेला की स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्याचा झटका हातापर्यंत येतो. एक चाक डांबरावर आणि दुसरे कडेच्या मातीवर असताना ब्रेक मारला, तर गाडी एका बाजूला जास्त ओढते. हेही स्पेसरमुळे होते आणि चुकीच्या रिममुळेही होते.

मग स्पेसरचा स्वतःचा असा दोष कोणता? तो म्हणजे वाढलेला जोड. मूळ गाडीत एका चाकाला एक जोड आणि पाच नट, सगळे डोळ्यांसमोर. स्पेसर लावल्यावर दोन जोड आणि दहा नट. त्यातले पाच चाकाच्या आड, न दिसणारे. चार चाकांचे मिळून असे वीस नट झाले, जे चाक उतरवल्याशिवाय तपासता येत नाहीत.

नट ढिला होणे एवढे गंभीर का, हे मी वर्गात पुस्तकांवरून समजावतो. आठ-दहा पुस्तके उभी ओळीत धरा, दोन्ही टोकांना तळहात लावून जोरात दाबा आणि उचला. मधली पुस्तके कशावरही टेकलेली नसतात, तरी पडत नाहीत. दाबामुळे त्यांच्यात जे घर्षण तयार होते, तेच त्यांना धरून ठेवते. दाब थोडा कमी करा, मधले पुस्तक निसटते. चाकाचेही असेच आहे. गाडीचे वजन स्टडवर लटकलेले नसते. आवळलेला स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा आत खेचतो आणि चाक हबवर दाबून धरतो. वजन पेलते ते त्या दाबातले घर्षण.

नट सैल झाला की तो दाब जातो आणि वजन थेट स्टडवर येते. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो. जिम्नीच्या मूळच्या १९५/८० आर १५ टायरचा घेर सुमारे २.१८ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४६० फेरे. १०० किलोमीटरला ४६ हजार. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते, हे लहान मूलही जाणते. एक स्टड तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर जातो आणि पुढचे लवकर तुटतात. चाक निखळते ते असे.

आणि नट सैल व्हायला कारणे पुष्कळ आहेत. हबवर गंज किंवा रंगाचा थर असेल, तर तो काही किलोमीटरमध्ये दबतो आणि नट ढिला पडतो. घाट उतरताना ब्रेक तापतात, हब तापतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तापणे आणि थंड होणे यात जोडाचा दाब सारखा बदलत राहतो. किनाऱ्यावर खारी हवा आणि खारे पाणी आहेच. पोलादी हब आणि ॲल्युमिनियमचा स्पेसर यांच्यात मीठपाणी शिरले की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. मग स्पेसर हबला असा चिकटतो की हातोड्याशिवाय निघत नाही. जो निघत नाही, तो कुणी तपासतही नाही.

चाक निघाले तर कुणाच्या अंगावर?

मोठ्या टायरसह निखळलेले चाक वीस-पंचवीस किलोचे असते आणि त्याला गाडीचाच वेग असतो. ते ड्रायव्हरच्या अंगावर जात नाही. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यावर, समोरून येणाऱ्या दुचाकीवर, एसटीची वाट पाहणाऱ्या बाईवर जाते. हौस एकाची आणि किंमत मोजणारा दुसराच. माझ्या विरोधाचे मूळ इथे आहे. स्वतःच्या जिवावर जोखीम घेणे हाही काही शहाणपणा नाही, पण दुसऱ्याच्या जिवावर ती घेण्याचा हक्क कुणालाच नाही.

चाक निखळणे ही टोकाची गोष्ट झाली. रोजचा त्रास वेगळाच. टायर मडगार्डच्या बाहेर असला की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात खडी बाजूला उडते. शाळेत पांढरा गणवेश घालून निघालेले मूल चिखलाने माखून वर्गात येते. गाडीवाल्याला आरशात तेही दिसत नाही. वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा आपल्याकडे ईमानचाच भाग मानला आहे. वाटेवर नवी इजा आणणे हे त्याच्या बरोबर उलट झाले.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये स्पेसर हा शब्द नाही. पण नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, असे ते कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेला बदल केल्यास, त्यात बाहेरचे भाग बसवणेही आले, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो आणि वॉरंटीचे भांडण वेगळेच.

इतर देशांत सरसकट बंदी आहे किंवा सरसकट मोकळीक आहे, असेही नाही. जर्मनीत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेला स्पेसर लावता येतो. गरज असेल तिथे तज्ज्ञाकडून गाडी तपासून कागदांवर नोंद करावी लागते. पोर्शेसारख्या कंपनीने आपल्या काही गाड्यांना स्वतःच स्पेसर दिले आहेत, त्यांच्या मापाच्या लांब बोल्टसह. ऑस्ट्रेलियात हलक्या गाड्यांमधल्या बदलांची जी राष्ट्रीय नियमावली आहे, ती कंपनीने मूळचा दिलेला नसेल तर स्पेसरला मनाई करते. एकाने तपासणीची व्यवस्था उभी केली म्हणून परवानगी दिली, दुसऱ्याने धोका नको म्हणून मनाई केली. आपल्याकडे बाजारात वस्तू मोकळेपणाने मिळते आणि तपासणारा कुणी नाही. या तिन्हींत हीच सर्वांत वाईट स्थिती.

उस्ताद आणि शागीर्द

आता जे सांगायचे आहे, ते गॅरेजवाल्या मुलांसाठी. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत गॅरेजचे काम आपल्या मोहल्ल्यांतली मुले करतात. बहुतेकांनी आयटीआय पाहिलेले नाही. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत शिकले. हे शिक्षण कमी दर्जाचे आहे असे मी कधीच मानले नाही. आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखणारे कान कुठल्या वर्गात मिळत नाहीत. पण उस्तादाच्या काळात स्पेसर नव्हता, त्यामुळे त्याबद्दल त्याने काही शिकवलेले नाही. शागीर्द मग व्हिडिओ बघून शिकतो आणि हवेच्या गनने नट आवळून मोकळा होतो. गन कमी आवळते किंवा जास्त आवळते. किती आवळले ते कुणालाच कळत नाही. जास्त आवळलेला स्टडही ताणून निकामी होतो.

मालक म्हणतो, "लावून दे, जबाबदारी माझी." ही भाषा मला मान्य नाही. अपघात झाला की हेच मालक म्हणतात, "मेकॅनिकने नीट लावला नाही." बिल नसते, लेखी काही नसते आणि पोलिस ठाण्यात बसतो तो पाना धरणारा. रोजच्या पोटापाण्यासाठी काम करणारा मुलगा अशा एका कामात दुकान आणि नाव दोन्ही घालवून बसू शकतो. गावात एकदा त्याचे नाव खराब झाले, की ते एकट्याचे राहत नाही. मग म्हणतात, "त्या गॅरेजवाल्यांकडे जाऊ नका." हे कटू वाटेल, पण आपण सगळे ते जाणतो.

म्हणून माझे गॅरेजवाल्यांना सांगणे आहे की नाही म्हणायला शिका. शिक्का नसलेला, ओतीव, मोठ्या भोकाचा स्पेसर गिऱ्हाइकाने आणला तर परत करा. शे-दोनशेची मजुरी जाईल. गाडी तुमच्या ताब्यात आहे तोवर ती अमानत आहे, आणि त्या गाडीपुढून रस्ता ओलांडणारा माणूसही. अमानतीत मालकाच्या मर्जीएवढेच आपल्या माहितीलाही वजन असते. धोका माहीत असूनही गप्प बसणे ही खयानत आहे.

मग करायचे काय?

"उस्ताद, शेकडो गाड्या स्पेसरवर धावताहेत" हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. धावताहेत, खरे आहे. चांगला स्पेसर, नीट बसवलेला आणि वेळेवर तपासलेला, वर्षानुवर्षे चालतो. पण ज्या गाड्या धावताहेत, त्यांतल्या किती जणांनी आतले नट शेवटचे कधी तपासले, हे विचारून पाहा. बहुतेकांचे उत्तर "लावल्यापासून उघडलेलंच नाही" असेच येते. आजवर काही झाले नाही म्हणजे जोड घट्ट आहे, असे सिद्ध होत नाही. तवक्कुल करायला सांगितले आहे ते उंट बांधल्यावर. दोरीची गाठ न बघता अल्लाहवर हवाला टाकणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

माझा सल्ला तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी: स्पेसर फक्त दिसण्यासाठी हवा असेल तर लावू नका. दुसरी: टायर खरोखर घासत असेल तर आधी कंपनीने सुचवलेल्या मापाच्या टायरवर परत या. मोठा टायर पाहिजेच असेल, तर त्याबरोबर कायद्यात बसणारी, योग्य ऑफसेटची रिम घ्या. महाग पडेल. बेअरिंग आणि स्टिअरिंगचे प्रश्न तिच्याबरोबरही येतील, पण जोड एकच राहील आणि पाचही नट डोळ्यांपुढे असतील. तिसरी पायरी त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी स्पर्धेची किंवा खासगी मैदानातली आहे. गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणारे लोक गाडी रोज उघडतात, रोज आवळतात. त्यांना स्पेसर शोभतो, कारण त्यांच्याकडे ती शिस्त आहे.

आणि ज्यांच्या गाडीला तो आधीच लागलेला आहे, त्यांनी हे करावे. चारही चाके उतरवा. स्पेसर काढा. हब तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. स्पेसरला बारीक तडा आहे का, आटे झिजलेत का, मधले भोक हबवर घट्ट बसते का, ते बघा. हबचे स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर चाक सपाट टेकणार नाही. तसा स्पेसर फेकून द्या. परत लावताना नट आधी हाताने चढवा, मग एकाआड एक असे चांदणीच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा आवळ टॉर्क रेंचनेच द्या, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक उतरवून आतले नट पुन्हा तपासा. नंतर दर सर्व्हिसिंगला आणि प्रत्येक खडतर सफरीनंतर तपासा. हे जमणार नसेल, तर स्पेसर काढून मूळ चाके बसवा.

यातले सगळे काम एका सकाळचे आहे. गॅरेज रिकामे असते त्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजच्या आधी, गाडी घेऊन जा. आतले पाच नट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि बरोबर तुमच्या धाकट्या भावाला न्या, म्हणजे तो त्याची गाडी घेईल तेव्हा त्यालाही ते माहीत असतील.